व्याजाच्या पैशाचे निळे आभाळ : पादोवा शहरातील तीन दिवस

व्हेनिसमध्ये आम्ही दोन रात्री राहिलो होतो, असे मी आणि सौ. कित्येक वर्षे लोकांना सांगत आलो, आणि ते खरे नव्हते. २०१८ साली पुण्यातील एका सहलकंपनीबरोबर आम्ही युरोप पाहून आलो, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत ‘व्हेनिस परिसरात दोन रात्री मुक्काम’ असे छापलेले होते. परिसर या शब्दाचा आवाका किती असू शकतो, हे ‘हिंजवडीपासून दहा मिनिटांवर’ अशी जाहिरात वाचून भूखंड पाहायला गेलेल्या पुणेकराला वेगळे सांगावे लागत नाही. रात्री उशिरा बस हमरस्त्यालगतच्या एका हॉटेलसमोर थांबली, आणि सकाळी न्याहारीच्या टेबलावर साखरेच्या पुडीवरचा पत्ता वाचताना त्यात ‘पादोवा’ हे नाव दिसले. टूर मॅनेजरला विचारले, तर तो म्हणाला, “काका, इथे बघण्यासारखे काही नाही. व्हेनिसमधली हॉटेले परवडत नाहीत, म्हणून सगळे ग्रुप इथेच उतरतात.” मुलगा प्रामाणिक होता, एवढे मान्य केले पाहिजे. त्याचे दुसरे वाक्य खरेच होते. पहिले वाक्य किती चुकीचे होते, हे कळायला मात्र मला बरीच वर्षे लागली.

इंग्रजीत ज्याला पाडुआ म्हणतात, तेच हे पादोवा. जोत्तो या चित्रकाराने चौदाव्या शतकाच्या आरंभी जिथे भिंती रंगवल्या आणि पाश्चात्त्य चित्रकलेला माणसाच्या चेहऱ्यावरचे दुःख दाखवायला शिकवले, ते हे शहर. संत अँथनीची समाधी असल्यामुळे जगभरातील भाविक जिथे वर्षभर येत राहतात, तेही हेच. १२२२ साली स्थापन झालेल्या इथल्या विद्यापीठात गॅलिलिओने १५९२ ते १६१० अशी अठरा वर्षे अध्यापन केले. अशा शहरात आम्ही दोन रात्री फक्त घोरलो होतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघे, सौ.चे धाकटे बंधू आणि त्यांच्या पत्नी असे चौघे कोणत्याही कंपनीविना इटलीला गेलो आणि पादोवात तीन रात्री राहिलो. त्या मुक्कामाचे हे परीक्षण आहे. वाचणाऱ्यास एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी : माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. थकबाकी, जामीनदार, जप्ती आणि लिलावाच्या नोटिसा यांतच डोक्यावरचे केस पांढरे झाले. त्यामुळे कलेच्या अभ्यासकाला जे आधी दिसेल, ते मला कदाचित दिसले नसेल, आणि मला जे दिसले ते त्याला क्षुल्लक वाटेल. पण या शहरापुरता माझा चष्मा अगदीच गैरलागू नव्हता, असे मला अजूनही वाटते.

आधी व्यवहाराचे बोलतो. व्हेनिसच्या सांता लुचिया स्थानकावरून पादोवाला जायला रेल्वेने अर्धा ते पाऊण तास लागतो, आणि गाड्या इतक्या आहेत की वेळापत्रक पाठ करण्याची गरज नाही. साध्या प्रादेशिक गाडीचे तिकीट स्वस्त असते. मात्र ते कागदी असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड भरावा लागतो. स्थानकाबाहेर पडल्यावर सरळ चालत गेले, की दहा-बारा मिनिटांत डाव्या हाताला एक बाग लागते. रोमन काळातील एका रंगमंडलाच्या, म्हणजे अरेनाच्या भिंतींचे अवशेष या बागेत उभे आहेत, आणि त्यांच्या कुशीत विटांची एक साधीशी इमारत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती एखाद्या जुन्या संस्थानातील धान्याचे कोठार वाटावे. हेच स्क्रोवेन्यी चॅपेल, म्हणजे जोत्तोने भिंती रंगवलेले ते छोटे प्रार्थनामंदिर.

इथे आयत्या वेळी जाऊन तिकीट मिळेल, या भरवशावर कोणीही जाऊ नये. दिवस आणि वेळ ठरवून संकेतस्थळावर आरक्षण करावे लागते, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत ते काही आठवडे आधीच केलेले बरे. आम्हाला माणशी दीड हजार रुपयांच्या आसपास पडले. त्याच तिकिटात शेजारचे नगर वस्तुसंग्रहालयही पाहता येते. शहरातील अनेक भित्तिचित्रे एकाच पासावर पाहण्याची सोय आहे, परंतु पास घेतला तरी या चॅपेलची वेळ स्वतंत्रपणे राखून ठेवावीच लागते. आमच्यासारखे अनेकजण तिथेच फसतात. ठरावीक हंगामात संध्याकाळी दुप्पट वेळेची भेट मिळते. ती मिळत असेल तर जरूर घ्यावी, कारण नेहमीची भेट असते फक्त पंधरा मिनिटांची.

पंधरा मिनिटांसाठी दीड हजार रुपये म्हणजे मिनिटाला शंभर, हा हिशेब मी आरक्षण करतानाच केला होता आणि मनातल्या मनात कुरकुरलोही होतो. प्रत्यक्षात ती पंधरा मिनिटे सुरू होण्याआधी आणखी पंधरा मिनिटे एका काचेच्या दालनात बसवतात. एका वेळी साधारण पंचवीस माणसे घेतात. दार बंद होते, पडद्यावर चॅपेलची माहिती देणारी चित्रफीत चालू होते, आणि तोवर दालनातील यंत्रणा हवेचे तापमान आणि आर्द्रता ताळ्यावर आणत राहते. कारण असे, की माणूस आपल्याबरोबर घाम, श्वासातील दमटपणा, कपड्यांवरची धूळ आणि बाहेरच्या रस्त्यावरचा धूर घेऊन येतो, आणि हे सारे थेट आत गेले तर सातशे वर्षांच्या गिलाव्यावर क्षार फुटतात आणि रंग सुटू लागतो. बाहेरच्या बाजूचे दार पूर्ण बंद झाल्याशिवाय आतले दार उघडत नाही. शस्त्रक्रियागृहात जाण्यापूर्वी हात धुवायला लावतात, त्यातलाच हा प्रकार. २००१-०२ साली चित्रांची मोठी डागडुजी झाली; आज ती इतकी स्वच्छ दिसतात, त्यात या काचेच्या दालनाचाही वाटा आहे. माझी कुरकुर तिथेच थांबली. आपल्याकडे लेण्यांतील चित्रांसमोर घामाघूम गर्दी कशी उभी असते, ते मी पाहिलेले आहे.

आतले दार उघडले आणि पहिल्यांदा दिसला तो निळा रंग. सुमारे २१ मीटर लांब आणि साडेआठ मीटर रुंद असे हे एकच दालन आहे, आणि त्याचे अर्धगोलाकार छत निळ्या रंगावर सोन्याच्या चांदण्यांनी भरलेले आहे. हा निळा कोवळ्या आभाळाचा नव्हे. दिवेलागणीनंतर पंधरा-वीस मिनिटांनी आभाळ जसे होते, तसा. खिडक्या एकाच बाजूला आहेत, कारण दुसऱ्या बाजूला एकेकाळी स्क्रोवेन्यी घराण्याचा वाडा चॅपेलला लागून उभा होता. वाडा एकोणिसाव्या शतकात पाडला गेला आणि देवघर तेवढे राहिले.

ज्या घराण्याचे हे देवघर, त्याचा धंदा सावकारीचा होता. रेजिनाल्दो स्क्रोवेन्यी हा व्याजाने गबर झालेला माणूस. इटालियन कवी दांते याने आपल्या महाकाव्यात नरकाच्या ज्या भागात सावकार बसवले आहेत, तिथे तापलेल्या वाळूवर, गळ्यात थैली अडकवलेला पादोवाचा एक माणूस भेटतो. कवीने त्याचे नाव घेतलेले नाही, पण पांढऱ्या थैलीवर निळी गाभण डुकरीण काढलेली आहे, आणि ते स्क्रोवेन्यींचे कुलचिन्ह होते. वाचकांनी काय ते ओळखले. त्या काळी ख्रिस्ती धर्मात व्याज घेणे हे पाप होते, आणि अशा पैशाची परतफेड केल्याखेरीज सुटका नव्हती. मुलगा एन्रिको याने १३०० साली अरेनाची जागा विकत घेतली, तिथे वाडा आणि हे चॅपेल बांधले, जोत्तोला बोलावले, आणि १३०५ च्या २५ मार्चला चॅपेलचा विधिवत अभिषेक झाला. बापाच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून त्याने हे केले, असे परंपरेने मानले जाते. नुसते प्रायश्चित्त नसून घराण्याची प्रतिष्ठा वाढवण्याचाही त्यात हेतू होता, असे म्हणणारे अभ्यासकही आहेत. मला दुसऱ्या मताकडे झुकावेसे वाटते, आणि त्याला आधार शेजाऱ्यांच्या तक्रारीचा आहे. अभिषेकापूर्वी दोनच महिने, १३०५ च्या जानेवारीत, लगतच्या एरेमितानी मठातील संन्याशांनी लेखी हरकत घेतली, की ठरल्यापेक्षा मोठे बांधकाम झाले आहे, वर घंटाघरही उभारले आहे, आणि हा सारा खटाटोप देवाच्या स्तुतीपेक्षा मिरवण्यासाठी आहे. मंजूर नकाशा एक आणि प्रत्यक्ष बांधकाम दुसरे, ही शेजाऱ्याची तक्रार सातशे वर्षांपूर्वीची असली तरी पुण्यातील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या सभेत शोभून दिसेल.

पंधरा मिनिटांत सगळ्या भिंती पाहण्याचा प्रयत्न करू नये, हा माझा पहिला सल्ला. तीन ओळींत येशूच्या आजी-आजोबांपासूनची कथा मांडलेली आहे, आणि एकेका चौकटीला अर्धे मिनिट दिले तरी वेळ पुरत नाही. आम्ही घरूनच चार चित्रे ठरवून गेलो होतो. कमानीच्या डाव्या बाजूस, येशूला चुंबनाच्या खुणेने शत्रूंच्या हाती देणारा त्याचाच शिष्य ज्यूडास पैसे घेतो आहे, ते पहिले. त्याच्या मागे काळाकुट्ट सैतान उभा आहे, त्याचा हात ज्यूडासच्या खांद्यावर आहे, आणि थैली मात्र ज्यूडासने स्वतः घट्ट धरली आहे. कर्ज मंजूर होताना मागे उभा असलेला मध्यस्थ मी इतक्यांदा पाहिला आहे, की या चित्रापाशी मला कोणत्याही मार्गदर्शकाची गरज पडली नाही. दुसरे चित्र ज्यूडासच्या चुंबनाचे. त्याचा पिवळा झगा येशूला जवळजवळ गिळून टाकतो, आणि दोन चेहरे इतके जवळ येतात की मशाली आणि भाल्यांची आजूबाजूची सगळी गर्दी क्षणभर पुसली जाते.

तिसऱ्या चित्रापाशी माझा सर्वांत जास्त वेळ गेला. येशूचे शव खाली उतरवले आहे, आईने त्याचा गळा कवेत घेतला आहे, आणि वर आभाळात लहान लहान देवदूत अक्षरशः ऊर बडवून रडत आहेत. पण चित्राच्या अगदी पुढच्या बाजूला दोन बायका आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. त्यांचे चेहरे दिसत नाहीत. पाठीचा नुसता गोल, जड, वस्त्रात गुंडाळलेला आकार दिसतो, आणि एकीने शवाचे डोके सावरून धरलेले दिसते. घरात कोणी गेल्यावर आधी पोहोचलेल्या बायका अशाच बसलेल्या असतात; दारातून आत येणाऱ्याला त्यांच्या पाठी आधी दिसतात. हे सातशे वर्षांपूर्वी कोणीतरी पाहिले आणि तसेच भिंतीवर काढले, एवढ्या एका गोष्टीसाठी मी पुन्हा दीड हजार रुपये देईन. मरियेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या वस्त्रांचा निळा रंग काही ठिकाणी उडालेला दिसतो, त्याचेही कारण चित्रफितीत सांगतात. बाकीचे रंग ओल्या गिलाव्यावर दिल्यामुळे गिलाव्याशी एकजीव झाले; हा निळा वाळलेल्या भिंतीवर द्यावा लागत असे, म्हणून तो वरच्या वर राहिला आणि कालांतराने सुटला.

चौथे चित्र म्हणजे प्रवेशाच्या बाजूची सबंध भिंत, अंतिम न्यायाची. डाव्या हाताला, म्हणजे तरलेल्या माणसांच्या बाजूला, जांभळ्या वस्त्रांतील एन्रिको गुडघे टेकून चॅपेलची प्रतिकृती मरियेला अर्पण करतो आहे. उजव्या हाताला नरक आहे, आणि तिथे काही माणसे आपापल्या पैशाच्या थैल्यांच्या दोरीनेच लटकत आहेत. बापाच्या धंद्यातली माणसे एका बाजूला आणि पैसे देणारा मुलगा दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी यजमानाच्या खर्चाने, यजमानाच्याच भिंतीवर करण्याचे धैर्य जोत्तोने दाखवले, की यजमानानेच तशी अट घातली, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. त्याच भिंतीवर अगदी वर, दोन्ही कोपऱ्यांत दोन देवदूत आकाशाची गुंडाळी करत आहेत, आणि गुंडाळलेल्या आकाशामागून रत्नजडित दारे दिसू लागली आहेत. ते मी पाहत होतो तेवढ्यात वेळ संपल्याची सूचना झाली.

या पंधरा मिनिटांना आमच्यातला एकजण मुकला, आणि त्यात दोष पूर्णपणे त्याचाच होता. सौ.चे बंधू स्थानकासमोर कॉफी प्यायला थांबले. “दाजी, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच,” असे म्हणाले, आणि आले ते दालनाचे दार बंद झाल्यावर. पाठीवरची पिशवीही सामानघरात ठेवायची बाकी होती. ठरलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी पोहोचा, उशीर झाल्यास प्रवेश नाही, हे तिकिटावर स्पष्ट लिहिलेले असते. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळचे तिकीट पुन्हा पैसे भरून घ्यावे लागले. ते एकटेच जाऊन आले आणि दुपारपर्यंत कोणाशी फारसे बोलले नाहीत, जे त्यांच्या स्वभावात अजिबात बसत नाही. जेवताना एवढेच म्हणाले, की वरचे ते दोघे दुकानाची ताडपत्री गुंडाळतात तसे आभाळ गुंडाळत होते. मी तेच पाहिले होते, पण मला ताडपत्री सुचली नव्हती.

चॅपेलमधून बाहेर आल्यावर शेजारच्याच एरेमितानी चर्चमध्ये अवश्य जावे. तिथे मांतेन्या या चित्रकाराने तरुणपणी रंगवलेले एक उपमंदिर होते. ११ मार्च १९४४ रोजी बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झाले. ढिगाऱ्यातून वेचलेले हजारो बारीक तुकडे संगणकाच्या मदतीने जुन्या छायाचित्रांवर जुळवून भिंतीवर पुन्हा बसवलेले आहेत. चित्राच्या मधोमध रंगीत कपऱ्यांची बेटे आणि भोवती करड्या छायाचित्राचा समुद्र, असे ते दिसते. त्या दिवशीचे बॉम्ब थोड्याच अंतराने इकडेतिकडे पडले असते, तर जोत्तोचीही हीच अवस्था झाली असती.

शहराच्या दक्षिण भागात संत अँथनीची बासिलिका, म्हणजे मोठे चर्च आहे. स्थानकावरून तिथे रबरी चाकांची एक ट्राम जाते. पादोवातील लोक या संताचे नाव घेत नाहीत. ते नुसते ‘इल सांतो’, म्हणजे ‘संत’ असे म्हणतात. आळंदीची वाट विचारताना ‘माउली’ एवढे म्हटले की पुरते, तसेच हे. हा मूळचा लिस्बनचा, जन्म ११९५ चा. संत फ्रान्सिसच्या पंथात येऊन तो गावोगाव प्रवचने करत फिरला, १३ जून १२३१ रोजी पादोवाच्या वेशीजवळ वारला, आणि वर्ष पुरे होण्याच्या आतच त्याला संतपद दिले गेले. १२३२ साली बांधकाम सुरू झालेली ही इमारत कळसांच्या गर्दीमुळे बाहेरून निम्मी पूर्वेकडची वाटते. समोरच्या चौकात दोनातेल्लोने घडवलेल्या गट्टामेलाता या सेनापतीच्या अश्वारूढ ब्राँझ पुतळ्याची जागा आहे. तो १४५३ चा. ज्यांनी आपल्या पुण्याच्या शिवाजी मिलिटरी स्कूलमधील, करमरकरांनी घडवलेले अश्वारूढ शिवरायांचे शिल्प नीट पाहिले आहे, त्यांना ब्राँझच्या घोड्याचा एक पाय उचललेला दाखवण्यात काय कस लागतो, हे सांगायला नको.

आत प्रवेश विनामूल्य आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत आणि छायाचित्रे काढू नयेत, एवढीच अपेक्षा. समाधीचे दालन संगमरवरी कोरीवकामाने मढवलेले आहे, पण भाविकांचे तिकडे लक्ष नसते. रांग समाधीच्या मागच्या बाजूने सरकते, आणि प्रत्येकजण हिरव्या काळपट दगडाच्या पाटीवर तळहात टेकवून क्षणभर उभा राहतो. कोणी कपाळही टेकवतो. आजूबाजूला लोकांनी आणून लावलेले फोटो आहेत : इस्पितळातील बाळे, चुरडलेल्या मोटारी आणि त्यांतून वाचलेली माणसे. नवस बोलणे आणि फेडणे या व्यवहाराला भाषांतर लागत नाही. आमच्या सोसायटीतील एका ख्रिस्ती शेजारणीने निघताना घडी घातलेली एक चिठ्ठी सौ.च्या हातात दिली होती. सौ.ने एका हाताने ती समाधीपाशी ठेवली आणि दुसरा तळहात दगडावर टेकवला. पुढे गेल्यावर म्हणाली, “दगड गार असेल असं वाटलं होतं. तो कोमट आहे.” दिवसभर हात लागत असताना तो गार राहील कसा?

गाभाऱ्याच्या मागे अवशेषांचे दालन आहे आणि तिथे संताची जीभ सोनेरी पात्रात ठेवलेली आहे. १२६३ साली शवपेटी उघडली तेव्हा ती न कुजलेली आढळली, अशी श्रद्धा आहे. ज्यांना असे पाहवत नाही, त्यांनी तिकडे न गेलेले बरे. आमच्यापैकी दोघे गेले नाहीत. हरवलेली वस्तू शोधून देणारा म्हणून हा संत जगभर प्रसिद्ध आहे. पण मला त्याने थांबवले ते दुसऱ्याच कारणासाठी. मृत्यूच्या तीन महिने आधी, १२३१ च्या मार्चमध्ये, त्याच्या आग्रहावरून पादोवा नगराने एक कायदा केला, की कर्जदाराने आपली मालमत्ता सोडून दिली, तर केवळ कर्ज फेडता येत नाही म्हणून त्याला तुरुंगात डांबता येणार नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे आपली परंपरा सांगते. देहूच्या त्या काठावर मी अनेकदा उभा राहिलो आहे, आणि दर वेळी सोमवारी बँकेत परत जाऊन नोटिसांवर सह्या केल्या आहेत. एका संताने सावकारीचे खाते स्वतःपुरते बंद केले, दुसऱ्याने नगरसभेकडून नियम बदलून घेतला. कर्ज विभागातील माणसाला यांपैकी कोणता संत सोयीचा, हे मी इथे लिहिणार नाही.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. विद्यापीठाच्या बो या वाड्यातील १५९५ चे शवविच्छेदनगृह पाहण्यासारखे आहे. लंबवर्तुळाकार लाकडी कठड्यांचे सहा मजले एखाद्या विहिरीसारखे खाली उतरत जातात. पण तिथे मार्गदर्शकासह ठरावीक वेळीच नेतात. १५४५ चे वनस्पतिउद्यान वनस्पतिशास्त्राची आवड असलेल्यांनी पाहावे, बाकीच्यांनी १५८५ साली लावलेला ताड पाहून परतावे. प्रातो देल्ला वाल्ले हा ७८ पुतळ्यांनी वेढलेला प्रचंड चौक उन्हात अंगावर येतो, संध्याकाळी जावे. कॅथेड्रलच्या शेजारचे बाप्तिस्मागृह मात्र चुकवू नये. शहरातील चौदाव्या शतकातील भित्तिचित्रांना २०२१ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात तेही आहे, आणि तिथे गर्दी चॅपेलच्या तुलनेत नगण्य असते.

१८३१ पासूनच्या पेद्रोक्की कॅफेची पुदिन्याची कॉफी प्रसिद्ध आहे. वर पुदिन्याच्या सायीचा हिरवा थर असतो, तो न ढवळता प्यायचा असतो. मी ढवळला. चव खोकल्याच्या औषधाकडे झुकली, आणि त्याचा दोष कॅफेला देता येणार नाही. मात्र तिथल्या हिरव्या दालनाची रीत मला फार आवडली. पूर्वी तिथे काहीही न मागवता, वर्तमानपत्र वाचत कितीही वेळ बसता येत असे, आणि हे कॅफे रात्रंदिवस उघडे असल्यामुळे त्याला ‘बिनदाराचे कॅफे’ म्हणत.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाने एक सावधगिरी बाळगावी. या भागात घोड्याचे मांस खाण्याची जुनी रीत आहे, आणि त्याचे वाळवलेले तंतू सॅलडवर किंवा पिझ्झावर भुरभुरलेले असू शकतात. ‘काव्हाल्लो’ हा शब्द मेनूत दिसला की पुढे सरकावे. आम्ही तिन्ही दिवस दुपारचे जेवण पालाझ्झो देल्ला राजोने या जुन्या न्यायवाड्याच्या खाली केले. तिथे कमानींखाली शेकडो वर्षांपासून बाजार भरतो. चीजची दुकाने, पाव, ऑलिव्ह, भाजलेल्या भाज्या आणि मक्याच्या पिठाची तळलेली पोलेंता यांत चौघांचे पोट एका साध्या भोजनगृहाच्या निम्म्या खर्चात भरले. दुकानदार चीजचा तुकडा सुरीच्या टोकावर धरून चाखायला देतो आणि मगच कापतो. मंडईत द्राक्षे चाखून घेणाऱ्यांना तिथे परके वाटत नाही.

त्याच बाजाराच्या डोक्यावर, जिना चढून गेले की सुमारे ऐंशी मीटर लांबीचे, मध्ये एकही खांब नसलेले दालन लागते. भिंतींवर राशी, ग्रह आणि महिने यांची शेकडो चित्रे आहेत. जोत्तोने काढलेली मूळ चित्रे १४२० च्या आगीत गेली, ही त्यानंतरची. एका टोकाला लाकडाचा अवाढव्य घोडा उभा आहे आणि बहुतेक पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात. मी शोधत होतो तो दगड दुसऱ्या कोपऱ्यात आहे : काळा, गोल, स्टुलाएवढा, मधोमध गुळगुळीत झालेला. याचे नाव निंदेचा दगड. संताच्या आग्रहावरून तुरुंग टळला, त्याबदल्यात दिवाळे निघालेल्या कर्जदाराला इथे आणत. अंगावर फक्त सदरा आणि चड्डी. जमलेल्या लोकांसमोर त्याने या दगडावर तीनदा बसायचे आणि दर वेळी लॅटिनमध्ये म्हणायचे, ‘चेदो बोनिस’, म्हणजे ‘माझे होते ते मी सोडले’. त्यानंतर त्याने शहर सोडायचे.

दालनात त्या वेळी आमच्याखेरीज सात-आठच माणसे होती. दगडाभोवती कठडा नव्हता. सौ.च्या बंधूंनी मोबाइल काढला आणि म्हणाले, “दाजी, टेका जरा. फोटो घेतो.” मी पुढे झालो होतो. सौ. मागून म्हणाली, “तुम्ही नका बसू. तुम्ही समोर उभे राहणाऱ्यांतले.” मी समोर उभा राहिलो आणि त्यांनी नुसत्या दगडाचाच फोटो काढला.